चांगुणाचा पोर

“बोल, कितीला देतेस?” चांगुणाने विचारलं.

“मूठभर कोंड्याला,” मी म्हणाले.

“मूठ कनाची? माजी का तुजी?”

“तुझी. घेणारीची मूठ.”

माझ्या हातात सूप होतं. सुपात माझ्या जुन्या लुगड्याची मऊ घडी, आणि त्या घडीवर आदल्या दिवशी जन्मलेला माझा नातू, मुठी आवळून झोपलेला. मी आमच्या उंबऱ्याच्या आत उभी होते आणि चांगुणा बाहेर. तिने कमरेच्या पिशवीत हात घातला, भाताचा कोंडा भरभरून काढला आणि माझ्या पसरलेल्या पदरात टाकला. मग मी सूप उंबऱ्यावरून तिच्या हातात दिलं.

“आजपासून हा तुझा,” मी म्हणाले. तीनदा म्हणायचं असतं. तीनदा म्हणाले.

चांगुणाने पोराला उचलून छातीशी धरलं, त्याच्या टाळूचा वास घेतला आणि आळीकडे तोंड करून अशी ओरडली की समोरच्या चिंचेवरचे कावळे उडाले. “ऐकला काय गो समद्यांनी? रिबकाबायनं पोर इकला, मी इकत घेतला! आता या घरात नातू-बितू कोन नाय! कोन इचारायला आला तं सांगा, चांगुणाचा पोर हाय म्हनून!”

कोण विचारायला येणार ते आळीत सगळ्यांना ठाऊक होतं. वर्षाच्या आत तो आमच्या घरी दोनदा येऊन गेला होता.

आधी माझे यजमान गेले. रहामिम झिराडकर म्हटलं की अलिबागपासून रेवदंड्यापर्यंत लोक ओळखायचे, ते त्यांच्या सोड्यामुळे. गोटीच्या बाटलीतला सोडा. मशीन त्यांनी मुंबईहून आणलेलं. त्यांचे आजे-पणजे घाण्यावर तेल काढत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गाव आम्हां बेने इस्राएलांना ‘शनवार तेली’ म्हणे. यांनी तेल सोडलं, सोडा धरला, पण शनिवार काही सोडला नाही. एका सकाळी मशीनचं चाक फिरवता फिरवता खाली बसले ते उठलेच नाहीत.

तेव्हा माझी सून दीना पोटुशी होती. ते गेल्यावर थोड्याच महिन्यांनी तिला मुलगा झाला. रडत रडत का होईना, पण आम्ही हसलो. आजोबांचं नाव ठेवलं, रहामिम. लोक म्हणाले, शेठ परत आले. सव्वा महिन्याचं होऊन ते पोर एका दुपारी दूध पिता पिता निळं पडलं आणि गेलं. आमच्या स्मशानात आजोबांच्या पायाशी त्याला ठेवलं. त्या वर्षी आमच्या घरात मलिदा झाला तो मेलेल्यांच्या प्रार्थनेपुरता. एरवी गोड पोहे, खोबरं आणि फळांचं ते ताट म्हणजे आनंदाचं, नवस फेडण्याचं. पण मला त्यातल्या वेलचीचाही वास नकोसा झाला होता.

त्यानंतर हा. दीनाचे दिवस भरत आले तशी मी झोपेतून दचकून उठायला लागले. शेवटी मीच आळीपलीकडच्या चांगुणा कोळणीला म्हटलं, तुमच्यात पोरं जगत नसली की लेकुरवाळीला विकतात ना, तसं माझ्या नातवाला तू विकत घे. तिची सहा पोरं, सहाही खणखणीत, एकालाही कधी नाक पुसावं लागलं नाही.

आमचा हनोख शाळेत विज्ञान शिकवायचा. तो ऐकून लालबुंद झाला. “आई, हे आपल्यात नाही.”

“दोन मयती एका वर्षात, हे तरी आपल्यात कुठं होतं?” मी म्हणाले.

“मूल म्हणजे काय बांगडा आहे, सुपात घालून विकायला?”

तेव्हा बाळंतिणीच्या खोलीतून दीना बोलली. पहिलं पोर गेल्यापासून ती बोलायचीच कमी. “विका, आई,” ती म्हणाली. “कुणाचा का असेना, जगू दे.” त्यावर हनोख बाहेर जाऊन बसला.

तर असा व्यवहार झाला. पदरातला कोंडा मी एका पत्र्याच्या डब्यात भरून फळीवर ठेवला. पोर अर्थातच दीनाजवळच राहिलं; दूध पाजायला चांगुणा थोडीच येणार होती? पण मालकी म्हणजे काय ते तिने आम्हांला पहिल्याच संध्याकाळी दाखवलं. मासे विकून आली, टोपली ओट्यावर ठेवली, आमच्या चौकटीवरच्या मेझुजाला, देववचनाच्या डबीला, आमच्यासारखाच हात लावून तो हात ओठांना लावला आणि थेट आत.

“माज्या पोराला असा गुंडालून ठेवलाय? जीव घुसमटंल त्याचा! आनि हो दिवा डोल्यांवर कनाला?”

“अगं, नातू माझा—” मी म्हणायला गेले.

“काय?” ती कमरेवर हात ठेवून वळली. “काय म्हनालीस?”

मी जीभ चावली. “तुझा पोर,” मी म्हणाले. “तुझ्या पोराला कसं ठेवायचं ते तूच सांग, बाई.”

दीना तोंडावर पदर घेऊन हसली. वर्षभरात मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. चांगुणा जाताना दीनासाठी रावस ठेवून गेली, निवडून खवल्यांचा. खवले नसलेला मासा आमच्या घरी चालत नाही हे तिला आमच्यापेक्षा पक्कं पाठ. कोलंबीची टोपली घेऊन ती कधी आमच्या ओट्याला टेकलीसुद्धा नाही. आणि शनिवारी आम्ही विस्तव पेटवत नाही, तर गेली वीसबावीस वर्षं आमच्या चुलीला शनिवारची काडी तीच लावत आलेली.

माझा हिशेब असा होता: सातव्या दिवसापर्यंत पोर चांगुणाचं, मग कोंडा परत देऊन आपलं करून घ्यायचं. आठव्या दिवशी मुलाची सुन्नत, आम्ही तिला मिला म्हणतो. अब्राहाम पित्यापासूनचा करार तो. बाप पुढे उभा राहून बरखा, म्हणजे आशीर्वादाची प्रार्थना, म्हणतो, मुलाला नाव मिळतं आणि मूल आपल्या लोकांत येतं. आजारी मूल सोडलं तर हा दिवस कुणासाठी थांबत नाही.

सातव्या दिवशी संध्याकाळी हसाजीकाका आले. हसाजीकाका म्हणजे आमच्या मशिदीचे हज्जान, प्रार्थना चालवणारे. आमच्या प्रार्थनेच्या घराला आम्ही जुनी माणसं मशीदच म्हणतो. त्या वर्षातल्या दोन्ही मयतींच्या प्रार्थना त्यांनीच म्हटल्या होत्या. मुंबईचे मोहेल, म्हणजे सुन्नत करणारे, सकाळच्या लाँचने येणार होते, ते सांगायला ते आले होते.

“नाव काय ठेवायचं, रिबका?” त्यांनी विचारलं.

हनोखने माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्याचा अर्थ मला कळत होता.

“हाईम,” मी म्हणाले. हाईम म्हणजे आयुष्य.

“आई,” हनोख हळूच म्हणाला, “बाबांचं—”

“ते नाव दोनदा मातीत गेलं, हनोख. तिसऱ्यांदा मी नाही देणार. या घरात ते नाव कुणी काढायचं नाही.”

हनोखने मान खाली घातली. बाप गेल्यापासून सोड्याच्या दुकानाच्या फळ्या त्याने काढल्या नव्हत्या; आणि आता बापाचं नावही मी फळ्या लावून बंद केलं, असंच त्याला वाटलं असेल. मलाही ते कळत होतं. पण मला भीती वाटत होती, आणि भिणाऱ्या बाईपुढे शहाणपण चालत नाही.

मग मी फळीवरचा डबा काढला आणि चांगुणाला हाक मारली. ती ओल्या हातांनीच आली.

“हा घे तुझा कोंडा. उद्या मिला आहे. पोर परत दे.”

चांगुणाने डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि दोन्ही हात पाठीमागे घेतले. “येवढ्यात? असा कसा देनार? पोर आपल्या पायानं माजा उंबरा वलांडील तवा परत. त्याच्या आदी घेतला तं इकला नि नाय इकला सारकाच.”

“अगं, मला हे आधी सांगितलं नाहीस!”

“तू इचारलास कवा?”

आता झाली का पंचाईत! आमचा करार आठव्या दिवशी, तिचा सौदा वर्षभराचा. इकडे आड आणि तिकडे विहीर. पोर चांगुणाचं ठेवलं तर उद्या मशिदीत कुणाचं म्हणून न्यायचं? आणि परत घेतलं तर, तिच्या म्हणण्याप्रमाणे, विकलं काय आणि नाही काय! मी मटकन खाली बसले. आतून पोर रडायला लागलं आणि मला वाटलं, झालं, दोनदा येऊन गेलेल्याने ऐकलं, तो परत आळीत आला.

“हसाजीकाका, मिला दोन दिवस पुढे नाही का ढकलता येणार?” मी विचारलं.

“मूल धडधाकट असताना? छे.” हसाजीकाकांनी चष्मा काढून डगल्याच्या टोकाला पुसला. ते विचारात पडले की हेच करायचे. मग म्हणाले, “पण रिबका, तू एवढी घाबरतेस कशाला? अब्राहाम पित्याला देवाचं सांगणं काय होतं? घरात जन्मलेला असो, नाहीतर विकत आणलेला असो, करार दोघांचाही. विकत घेतलेल्या पोराची वेगळी सोय देवाने आधीच करून ठेवली आहे. पोर तुझं असेल तरी उद्या मिला, चांगुणाचं असेल तरी उद्याच मिला.”

“मंग मीच आनते त्याला,” चांगुणा म्हणाली. “माजा पोर हाय. मी आनीन नि मीच घरी नेन.”

हनोख हसला. “काका, मी बरखा म्हणू शकतो ना पण?”

“बाप तूच आहेस की रे. विकायचं होतं ते मूल, बाप नव्हे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तयार होऊन बसलो होतो, आणि कोळीवाड्याकडून ताशाचा आवाज आला. मी दारात येऊन पाहते तर चांगुणा येत होती. हिरवंगार पातळ, अंबाड्यात अबोलीचा गजरा, आणि अंगावर एवढं सोनं की सहाही पोरांच्या लग्नांत मिळून घातलं नसेल. हातात नवं कोरं सूप. मागे तिचा नवरा पोशा कडक इस्त्रीच्या सदऱ्यात, त्याच्या मागे कोळीवाड्यातल्या बायका, आणि सगळ्यांच्या मागे लग्नात वाजवतात तो बॅन्ड.

“अगं, हे काय?”

“माज्या पोराचा कारज हाय. मुकाट्यानं नेऊ काय?”

सुपात पोराला ठेवलं आणि निघालो. बाजारातून गेलो, पोस्टावरून गेलो, यजमानांच्या बंद दुकानावरून गेलो. त्याच रस्त्याने त्या वर्षात आमच्या घरातून दोनदा माणसं खांद्यावरून गेली होती. दुसऱ्या वेळी तर हनोखने एकट्यानेच हातांवर नेलं होतं. आज दुकानदार बाहेर येऊन विचारत होते, “कुणाचं गो?” आणि चांगुणा मान ताठ करून सांगत होती, “माजा! इकत घेतलाय!” मी तिच्या मागे दहा पावलं चालत होते, जणू परकी, आणि माझी छाती अभिमानाने एवढी भरून आली होती की चोळीचे बंद तुटतील की काय असं वाटलं. लपवून काय करायचं? मला अभिमान वाटला. आमच्या घरातून काहीतरी वाजतगाजत बाहेर पडलं होतं.

मशिदीच्या दारात हसाजीकाका दोन्ही हात पसरून उभे. “बॅन्ड इथपर्यंत. आत नाही. आणि ताशावाल्या, प्रार्थना संपेपर्यंत काठी खाली ठेव, समजलास?”

मुंबईचे मोहेल घड्याळ बघत उभे होते. त्यांना परतीची लाँच गाठायची होती. त्यांनी सूप पाहिलं, चांगुणाचं सोनं पाहिलं, पण काही बोलले नाहीत. चांगुणाने पोर हनोखच्या हातात दिलं आणि आम्ही बायका व्हरांड्यात खिडकीशी उभ्या राहिलो. आत दोन खुर्च्या मांडलेल्या. एक एलियाहू हन्नबी या प्रेषिताची. ती रिकामी ठेवतात, कारण प्रत्येक मुलाच्या मिलाला तो येतो अशी आमची श्रद्धा. दुसरी, मुलाला मांडीवर घेऊन बसणाऱ्या आजोबांची. तिच्यात हसाजीकाका बसले. मी त्या खुर्चीकडे पाहायचं टाळत होते.

हनोखने बरखा म्हटली. आवाज कापला, पण शब्द चुकला नाही. मोहेलांचा हात चालला. पोर कळवळून रडलं, त्याच्या ओठांना द्राक्षरसाचं बोट लावलं, ते चुटूचुटू चोखत गप्प झालं. व्हरांड्यात दीनाने माझं मनगट घट्ट धरलं होतं.

“मुलाचं नाव?” मोहेलांनी विचारलं.

हनोखने तोंड उघडलं. पण त्याच्या आधी खिडकीतून आवाज गेला.

“थांबा! पोर इकत मी घेतलाय. नाव मी ठेवनार.”

आत सगळ्यांच्या माना वळल्या. मोहेल गोंधळून म्हणाले, “या बाई कोण?”

“मुलाची मालकीण,” हसाजीकाका शांतपणे म्हणाले. मुलाला सावरत त्यांनी खिडकीकडे पाहिलं. “बोल, चांगुणा. काय ठेवतेस?”

“रहामिम.”

मी खिडकीचा गज धरला. “चांगुणा, नको,” मी म्हणाले, “पाया पडते तुझ्या, ते नाव नको.”

“तुना कोन इचारतंय?” ती माझ्याकडे न बघताच म्हणाली, मोठ्याने, आतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. “तुजा हाय काय तो? माजा पोर, मी नाव ठेवीन. त्या नावाला भिऊ कनाला मी? माजी साही पोरा रहामिमशेटच्या सोड्यावर वाढली. शनवारी चूल पेटवायला आली की एक बाटली माज्या हातात, पैका घेतला नाय कवा त्या मानसानं. नाव वाईट असता तं माजी एक तरी पोर मेली असती ना? मेला काय एक तरी? सांगा!”

हसाजीकाकांनी हनोखकडे पाहिलं. हनोखने खिडकीतून माझ्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी गालांवर उतरत होतं आणि तो पुसत नव्हता. मी कोणत्या तोंडाने बोलणार? पोर माझं नव्हतं. मीच विकलं होतं, सगळ्या आळीदेखत.

मोहेलांनी द्राक्षरसाचा पेला उचलला आणि खणखणीत आवाजात पुकारलं, “याचं नाव इस्राएलात, रहामिम, हनोखचा मुलगा.”

आतल्या पुरुषांनी मोठ्याने आनंदाचा गजर केला. हनोखने प्रार्थनेची शाल तोंडावर ओढून घेतली; तिच्याआड त्याचे खांदे हलत होते. ते नाव भिंतीवर आपटून परत आलं, आणि ते ऐकून मी मेले नाही. पोरही मेलं नाही. उलट द्राक्षरस संपला म्हणून परत बोंब मारून रडायला लागलं.

बाहेर ताशावाल्याने तेवढ्यावरच काठी उचलली.

त्या दिवशी मलिदा झाला. पोहे मी माझ्या हाताने कालवले, वेलची जरा जास्तच घातली. आणि सगळे हात धुवून बसायच्या आत हनोख गायब झाला. थोड्या वेळाने दुकानाच्या फळ्या पडल्याचा आवाज आला, मग मशीनच्या चाकाचा. बापाचा मळकट अंगरखा घालून मास्तर बाटल्या भरत होते. पहिल्या दहा बाटल्या फुसक्या निघाल्या, त्या त्याने पोशालाच पाजल्या. मग गोट्या फटाफट आत पडायला लागल्या. त्या दिवशी कोळीवाडा, इस्राएल आळी आणि मुंबईचे मोहेल, सगळ्यांनी पोट फुगेस्तोवर सोडा प्यायला. मोहेलांची लाँच चुकली ती चुकलीच.

मी मात्र चांगुणाशी आठवडाभर बोलले नाही. ती रोज यायची, पोराला उलटंपालटं करून बघायची, नाव घेऊन लाड करायची. मी ते नाव तोंडात घेत नव्हते. मी म्हणायची, ‘चांगुणाचा पोर’. चांगुणाच्या पोराला दूध पाज, चांगुणाच्या पोराचा लंगोट बदल. आळीतली पोरंटोरंही त्याला तेच म्हणायला लागली.

थंडीच्या दिवसांत एका दुपारी त्याला ताप भरला. अंग तव्यासारखं तापलेलं. हनोख सायकल काढून डॉक्टरांना आणायला गेला आणि माझ्या डोळ्यांपुढे ते पहिलं पोर, ती निळी जिवणी. मी धावत आळी ओलांडून गेले. “चांगुणा, तुझ्या पोराला ताप आलाय गं!”

ती जाळं टाकून उठली. येऊन पोराला मांडीवर घेतलं, कपाळावर ओलं फडकं ठेवलं. मी दारात उभी राहून थरथरत होते.

“तू हितं कनाला उभी?” ती म्हणाली. “जा, दीनाला कायतरी खायला कर. पोर माजा हाय. भ्यायचा ता मी भीन.”

मी खरंच जाऊन भाकऱ्या थापल्या. थापताना माझ्या लक्षात आलं की हात कापत नाहीयेत. डॉक्टर आले, औषध दिलं, दोन दिवसांत पोर हसायला लागलं. त्यानंतर किती खोकले झाले, किती जुलाब झाले, एकदा तर ओट्यावरून तोंडावर पडलं, प्रत्येक वेळी मी आळी ओलांडून जायची आणि सांगायची, “चांगुणा, तुझ्या पोराला...” आणि हलक्या मनाने परत यायची.

पोर चालायला लागलं. आधी दीनाच्या बोटाला धरून, मग भिंतीला, मग कशालाच न धरता, बदकासारखं. एका सकाळी चांगुणाने निरोप धाडला: कोंडा घेऊन ये.

मी डबा घेऊन गेले. दीना आणि हनोख आमच्या ओट्यावर उभे राहिले. चांगुणा तिच्या घरात, पोराच्या पाठीशी. तिचा उंबरा चांगला हातभर उंच. भरतीचं पाणी आत येऊ नये म्हणून कोळीवाड्यात तसेच असतात. पोर उंबऱ्याला धरून उभं होतं.

“बोलाव,” चांगुणा म्हणाली.

“ये रे बाळा,” मी म्हणाले. “ये, ये, सोन्या.”

पोराने माझ्याकडे पाहिलं आणि उंबऱ्यावरची मुंगी बघायला लागलं.

“असा नाय,” चांगुणा म्हणाली. “नावानं हाक मार. तुजा पायजे ना तुना? मंग नाव घे. नाय तं राहू दे माज्याकडं, साही पोरांत सातवा.”

यजमान गेल्यापासून मी ती हाक मारली नव्हती. संसारात त्यांना नावाने हाक मारायची पद्धत नव्हतीच, पण दुकानात मी असताना गिऱ्हाईक आलं की ओरडायची, रहामिमशेठ, अहो रहामिमशेठ! थट्टेने. ते मशीनवरून ‘आलो, शेठाणी’ म्हणायचे.

“रहामिम,” मी म्हणाले. आवाज फुटलाच नाही. मग मी जोरात हाक मारली, दुकानात मारायची तशीच. “रहामिम!”

पोराने मान वर केली. मुंगी सोडली, एक पाय उचलला, उंबऱ्यावर पोटावर पडला, लोंबकळला, दुसरा पाय अलीकडे आला, आणि उभा राहिला. आळीतल्या धुळीत, माझ्या समोर. मी त्याला उचललं तेव्हा ओट्यावरून दीना ‘आई!’ एवढंच ओरडली.

“आता सांगते,” चांगुणा उंबऱ्यावर बसत म्हणाली. “आमच्यात कसला उंबरा नि कसला काय. पाचव्या दिवशीसुदा परत देतात पोर.”

मी तिच्याकडे बघतच राहिले. “मग त्या दिवशी खोटं बोललीस?”

“बोलली. तुजा तोंड बगितला मी त्या सांजेला. पोर घरी घेतला असतास नि रोज मेली असतीस. नि तुज्या भीतीनं तो पोर पन वालला असता. म्हनून म्हटला, पोर तुज्या घरात राहू दे, भीती माज्या घरात ठेवू वरीसभर. माज्याकडं साही पोरांची हायच, त्यात एकाची काय जड होते?”

माझ्या कमरेवर बसून रहामिम माझा कान ओढत होता. मी डबा उघडला. कोंड्यात जाळी धरली होती, पण होता तो सगळा होता. मी मूठ भरली आणि तिच्या पदरात टाकली. डब्याच्या तळाशी थोडा कोंडा राहिला.

चांगुणाने पदरातला कोंडा हलवून बघितला, मासे तोलावेत तसा. “कमी हाय,” ती म्हणाली. “मी दिली ती माजी मूठ. ही तुजी. लहान हाय.”

“घे गं बाई, हा उरलेलाही घे,” मी डबा पुढे केला.

“नको.” तिने पदराची गाठ मारली. पोराच्या धुळीने भरलेल्या पायाला बोट लावलं आणि ते बोट ओठांना लावलं, आमच्या चौकटीला लावायची तसंच. “तेवढा माजा राहू दे.”

आता रहामिम तिशी ओलांडलेला बाप्या आहे. मोठ्या बोटींच्या इंजिनांवर असतो, देशोदेशी फिरतो, जाईल तिथे शनिवार पाळतो. सुट्टीवर आला की एसटीतून उतरतो आणि बॅग खांद्यावर घेऊन आधी चांगुणाच्या उंबऱ्यात पाय टाकतो. तिला आता दिसत नाही, वासावरून ओळखते म्हणते. मी माझ्या दारात उभी राहून वाट बघते. तक्रार करायला मला तोंड नाही. मूठ माझीच लहान पडली होती.